बदली पिकअप (विद्युत गिटार)

विद्युत गिटारमध्ये मूळ पिकअप काढून त्याच्या जागी नंतर बसवल्या जाणाऱ्या पिकअपला बदली पिकअप असे म्हणतात. तारांच्या कंपनांचे विद्युत संदेशात रूपांतर करणारा घटक म्हणजे पिकअप होय. गिटारमधून अँप्लिफायरकडे जाणाऱ्या आवाजाचा पोत आणि त्याची ताकद बऱ्याच अंशी पिकअपवर अवलंबून असते. कारखान्यात तयार होणाऱ्या गिटारमध्ये पिकअप, घोडी, नियंत्रणे आणि तारांमधील अंतर यांचा मेळ निर्मात्याने आधीच घातलेला असतो. घरी बनवलेल्या गिटारमध्ये मात्र हा मेळ बनवणाऱ्यालाच घालावा लागतो. त्यामुळे अशा वाद्यासाठी पिकअप निवडणे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. त्यासाठी मोजमाप आणि विद्युत मंडलाची जाण आवश्यक असते. 'सर्वोत्तम' असा कोणताही एक पिकअप नसतो. एका गिटारमध्ये उत्तम वाजणारा पिकअप दुसऱ्या गिटारमध्ये बोथट किंवा कर्कश वाटू शकतो. हा लेख चुंबकीय पिकअपविषयी आहे.

कार्यपद्धती

चुंबकीय पिकअपमध्ये एक किंवा अधिक स्थायी चुंबक आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे वेटोळे असते. ही तार साधारणपणे ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाइतकी बारीक असते आणि तिचे हजारो वेढे दिलेले असतात. चुंबकामुळे त्यावरील पोलादी तारेचा भाग स्वतःही चुंबकित होतो. तार छेडली की तिच्या हालचालीमुळे वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय अभिवाह बदलतो आणि वेटोळ्यात विद्युत दाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे हे एक उपयोजन आहे. निर्माण होणारा दाब सामान्यतः काहीशे मिलिव्होल्ट इतका असतो.

या तत्त्वातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, तारा लोहचुंबकीय असाव्या लागतात. नायलॉनच्या तारांवर चुंबकीय पिकअप चालत नाही. दुसरी, पिकअप हवेतील ध्वनी ऐकत नाही, तर त्याच्यासमोरच्या तारेची हालचाल टिपतो. तिसरी, तो तारेच्या ज्या भागाखाली बसवलेला असतो त्याच भागाची हालचाल टिपतो. घोडीजवळ तारेची हालचाल कमी असते आणि तेथे वरच्या स्वरांशांचे प्रमाण अधिक असते. म्हणून घोडीजवळचा पिकअप तीक्ष्ण आणि तुलनेने क्षीण वाजतो. दांडीजवळचा पिकअप भरदार आणि गोलसर वाजतो. हा समतोल साधण्यासाठी अनेक संचांमध्ये घोडीजवळच्या पिकअपला अधिक वेढे दिलेले असतात.

इतिहास

व्यापारी उत्पादनात यशस्वी झालेला पहिला विद्युत गिटार पिकअप अमेरिकेत जॉर्ज बोशाँ यांनी विकसित केला. १९३१ मध्ये तयार झालेल्या आणि आकारामुळे 'फ्राइंग पॅन' या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या गिटारवर तो बसवला होता. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याच्या हवाईयन पद्धतीची होती. तिचे उत्पादन १९३२ मध्ये सुरू झाले. अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर हे या उद्योगात बोशाँ यांचे भागीदार होते. या रचनेचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले.

पुढील दोन दशकांत एका वेटोळ्याचे अनेक प्रकारचे पिकअप प्रचारात आले. फेंडर कंपनीने १९५४ मध्ये आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारमध्ये असे तीन पिकअप होते. एका वेटोळ्याच्या पिकअपचा मोठा दोष म्हणजे आसपासच्या विद्युत उपकरणांमुळे येणारा गुणगुणाट. गिब्सन कंपनीतील अभियंता सेथ लव्हर यांनी दोन वेटोळ्यांचा पिकअप तयार करून त्यावर उपाय शोधला. त्यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये पेटंट मिळाले. दरम्यान १९५७ पासून हे पिकअप गिटारींवर बसवले जाऊ लागले होते. पेटंटचा अर्ज केल्याची सूचना देणारी चिठ्ठी त्यांच्या तळाशी चिकटवलेली असे. त्या इंग्रजी सूचनेच्या आद्याक्षरांवरून हे पिकअप 'पीएएफ' या नावाने प्रसिद्ध झाले.

पिकअप स्वतंत्रपणे विकत घेऊन बदलण्याची प्रथा १९७० च्या दशकात रुजली. लॅरी डिमार्झिओ यांचा 'सुपर डिस्टॉर्शन' हा पिकअप १९७२ च्या सुमारास बाजारात आला. बदली पिकअप म्हणूनच विकल्या गेलेल्या पहिल्या पिकअपमध्ये त्याची गणना होते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सीमोर डंकन यांची कंपनी स्थापन झाली. याच दशकात रॉब टर्नर यांच्या ईएमजी कंपनीने बॅटरीवर चालणारे सक्रिय पिकअप प्रचारात आणले.

प्रकार

एकवेटोळी पिकअप: यात एकच वेटोळे असते. आवाज स्वच्छ, चमकदार आणि छेडण्यातील बारकावे दाखवणारा असतो. परंतु तो गुणगुणाट टिपतो. फेंडर पद्धतीचा अरुंद पिकअप आणि गिब्सन पद्धतीचा रुंद वेटोळ्याचा पी-९० हे दोन्ही याच प्रकारात मोडतात. दुसऱ्याचा आवाज अधिक जाड असतो.

हंबकर: यात शेजारीशेजारी दोन वेटोळी असतात. त्यांच्या वेढ्यांची विद्युत दिशा आणि त्यांचे चुंबकीय ध्रुव दोन्ही परस्परविरुद्ध असतात. बाहेरून येणारा गुणगुणाट दोन्ही वेटोळ्यांत विरुद्ध दिशेने उमटून बराचसा नाहीसा होतो. तारेचा संदेश मात्र ध्रुव आणि वेढे दोन्ही उलटे असल्यामुळे एकाच दिशेचा राहतो आणि त्याची बेरीज होते. आवाज भरदार आणि मृदू असतो.

एकवेटोळी आकाराचे हंबकर: दोन अरुंद वेटोळी शेजारी किंवा एकावर एक ठेवून बनवलेले हे पिकअप धड न कोरता जुन्या अरुंद खाचेत बसतात.

सक्रिय पिकअप: यात कमी वेढ्यांचे वेटोळे आणि लहान प्रवर्धक असून त्याला सामान्यतः ९ व्होल्टची बॅटरी लागते. बॅटरीसाठी धडात जागा असावी लागते. तसेच नियंत्रणाचे पोटेन्शियोमीटर २५ किलोओहमचे घ्यावे लागतात. म्हणून सामान्य पिकअपच्या जागी सक्रिय पिकअप बसवताना बहुधा संपूर्ण जोडणी बदलावी लागते.

विद्युत गुणधर्म

रोध

विक्रीच्या माहितीपत्रकात सर्वाधिक आढळणारा आकडा म्हणजे वेटोळ्याचा एकदिश रोध. सामान्यतः आढळणारी मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत:

• स्ट्रॅटोकास्टर पद्धतीचा एकवेटोळी पिकअप: सुमारे ५.५ ते ६.५ किलोओहम
• पीएएफ पद्धतीचा हंबकर: सुमारे ७ ते ९ किलोओहम
• अधिक ताकदीचा हंबकर: सुमारे १३ ते १६ किलोओहम

रोध जितका जास्त तितका पिकअप ताकदवान, असा समज रूढ आहे. मात्र तो अपुरा आहे. तेवढेच वेढे अधिक बारीक तारेने दिले तर रोध वाढतो, पण निर्माण होणारा दाब तेवढ्याने वाढत नाही. चुंबकाची ताकद रोधाच्या आकड्यात दिसतच नाही. त्यामुळे एकाच जाडीची तार आणि एकाच रचनेचे दोन पिकअप असतील तरच रोधावरून त्यांची तुलना करणे योग्य ठरते.

तापमानाचाही परिणाम होतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंश तापमानाला ७.५ किलोओहम असलेला पिकअप ४० अंशांच्या उन्हाळी दुपारी सुमारे ८.१ किलोओहम दाखवतो. माहितीपत्रकातील आकडा आणि घरच्या मल्टिमीटरवरील आकडा यांत एवढा फरक आढळला तरी पिकअप सदोष असेलच असे नाही. मात्र मल्टिमीटर मंडल खंडित असल्याचे दाखवत असेल तर वेटोळ्याची तार तुटली असण्याची शक्यता असते.

प्रवर्तकता आणि अनुनाद

आवाजाच्या पोताविषयी रोधापेक्षा अधिक माहिती देणारा गुणधर्म म्हणजे प्रवर्तकता, अर्थात इंडक्टन्स. ती हेन्री या एककात मोजतात. वेटोळ्याची प्रवर्तकता आणि गिटारच्या केबलची धारिता मिळून एक अनुनादी मंडल तयार होते. त्याच्या अनुनाद वारंवारतेजवळचे स्वरांश उठून दिसतात आणि तिच्या वरचे झपाट्याने क्षीण होतात. ही वारंवारता प्रवर्तकता आणि धारिता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते.

गिटारच्या केबलची धारिता साधारणपणे दर मीटरला १०० पिकोफॅरड असते. सहा मीटर केबल आणि वेटोळ्याची स्वतःची धारिता मिळून ७०० पिकोफॅरड धरल्यास पुढील वारंवारता मिळतात:

• २.२ हेन्री (स्ट्रॅटोकास्टर पद्धत): सुमारे ४.१ किलोहर्ट्झ
• ४.५ हेन्री (पीएएफ पद्धतीचा हंबकर): सुमारे २.८ किलोहर्ट्झ
• ८ हेन्री (अधिक ताकदीचा हंबकर): सुमारे २.१ किलोहर्ट्झ

वेढे वाढवल्याने ताकद वाढते, पण त्याचबरोबर चमक कमी होते, हे यावरून स्पष्ट होते. ताकद आणि स्पष्टता यांतील ही देवाणघेवाण पिकअपच्या निवडीच्या केंद्रस्थानी असते. केबल लांब केली तरी अनुनाद खाली येतो. म्हणून नवा पिकअप मंद वाटल्यास आधी आखूड केबल लावून पाहणे उपयुक्त ठरते.

चुंबक

पिकअपमध्ये मुख्यतः अल्निको आणि फेराइट हे दोन प्रकारचे चुंबक वापरतात. अल्निको हे लोखंडासह अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि बहुधा कोबाल्ट असलेले मिश्रधातू असून त्याचे क्रमांकाने ओळखले जाणारे प्रकार आहेत. अल्निको ५ हा अल्निको २ पेक्षा अधिक ताकदवान असतो. फेराइट चुंबकाला बाजारात सिरॅमिक म्हणतात. अधिक ताकदीच्या अनेक हंबकरमध्ये तो आढळतो. चुंबक ताकदवान असेल आणि तारांच्या फार जवळ असेल, तर तो तारांना खेचतो. त्यामुळे, विशेषतः जाड तारांवर वरच्या पडद्यांवर वाजवताना, स्वर डळमळतो आणि लवकर विरतो.

निवडीतील टप्पे

दोष निश्चित करणे

पिकअप बदलण्यापूर्वी तक्रारीचे मूळ पिकअपमध्येच आहे याची खात्री करणे आवश्यक असते. गंजलेल्या तारा, सैल सॉकेट, खरखरणारा पोटेन्शियोमीटर किंवा चुकीची उंची यांमुळे उत्तम पिकअपही निकृष्ट भासतो. उंची मोजण्यासाठी तार शेवटच्या पडद्यावर दाबून तिच्या तळापासून ध्रुवापर्यंतचे अंतर पाहतात. जाड तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि पातळ तारेखाली सुमारे १.६ मिलिमीटर हे सुरुवातीसाठी योग्य अंतर मानले जाते. त्यानंतर पाव फेरा स्क्रू फिरवून ऐकत जावे लागते. या समायोजनाला खर्च येत नाही आणि बऱ्याचदा नव्या पिकअपची गरजच उरत नाही.

गुणगुणाटाच्या बाबतीतही कारण ओळखणे महत्त्वाचे ठरते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने एकवेटोळी पिकअप त्या वारंवारतेचा आणि तिच्या पटींचा गुणगुणाट टिपतात. तारांना हात लावताच आवाज कमी होत असेल, तर तो बहुधा विद्युत क्षेत्रामुळे येणारा असतो. खाचेला आतून तांब्याचा पातळ पत्रा लावून तो मंडलाच्या भू-टोकाला जोडल्यास असा आवाज घटतो. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा गुणगुणाट मात्र अशा पत्र्याने थांबत नाही. त्यासाठी हंबकरची रचना किंवा गिटारची दिशा बदलणे हेच उपाय असतात. गिटारच्या तारा घोडीमार्फत मंडलाच्या भू-टोकाशी जोडलेल्या असतात, म्हणजेच वाजवणाऱ्याचा हात अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडला जातो. त्यामुळे अँप्लिफायरला अर्थिंग असलेले तीन पिनांचे कनेक्शन असणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अनिवार्य आहे. गुणगुणाट कमी करण्यासाठी अर्थिंगची पिन काढून टाकणे जीवघेणे ठरू शकते.

आकार आणि खोली

घरी बनवलेल्या गिटारमधील खाच प्रमाणित आकाराची असेलच असे नाही. सामान्य हंबकरची लांबी सुमारे ७० मिलिमीटर आणि रुंदी सुमारे ३८ मिलिमीटर असते. मात्र स्क्रूसाठीचे तळाचे पाय अधिक जागा घेतात. खरेदीपूर्वी खाचेची लांबी, रुंदी आणि खोली यांबरोबरच दांडी धडाला जेथे जोडली आहे तेथे शिल्लक राहिलेल्या लाकडाची जाडीही मोजावी लागते. या ठिकाणी खाच अधिक कोरल्यास सांधा कमकुवत होतो आणि ही चूक सहज दुरुस्त करता येत नाही. खाच वाढवावी लागणार असेल तर पिकअप बदलण्याऐवजी त्या खाचेत बसणारी रचना निवडणे अधिक सुरक्षित ठरते.

तारांमधील अंतर

पिकअपचे सहा ध्रुव सहा तारांखाली यावेत अशी अपेक्षा असते. गिब्सन पद्धतीच्या हंबकरमध्ये पहिल्या आणि सहाव्या ध्रुवातील अंतर सुमारे ४९ ते ५० मिलिमीटर असते. फेंडर पद्धतीच्या घोडीसाठी ते सुमारे ५३ मिलिमीटर ठेवलेले असते. तारा घोडीकडे एकमेकींपासून दूर जात असल्याने घोडीजवळच्या आणि दांडीजवळच्या पिकअपसाठी हे माप वेगळे असू शकते. म्हणून पिकअप जेथे बसणार आहे नेमक्या त्या ठिकाणी दोन टोकांच्या तारांमधील अंतर मोजतात. एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने सहसा अडत नाही. सुट्या ध्रुवांऐवजी सलग पट्टी असलेल्या पिकअपमध्ये हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही.

इतर पिकअपशी मेळ

एकच पिकअप बदलल्यास नवा आणि जुना पिकअप एकत्र वाजवताना दोन अडचणी येऊ शकतात. पहिली म्हणजे आवाजाच्या पातळीतील तफावत. ती काही प्रमाणात उंची बदलून दूर करता येते. दुसरी म्हणजे कलाविरोध. दोन्ही पिकअपचे संदेश परस्परविरुद्ध असतील तर एकत्र वाजवताना खर्ज नाहीसा होतो आणि आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा होतो.

दोन एकवेटोळी पिकअपमध्ये वेढ्यांची दिशा आणि ध्रुव दोन्ही उलटे असतील, तर संदेशांची बेरीज होते आणि गुणगुणाटही नाहीसा होतो. यांपैकी एकच गोष्ट उलटी असेल तर कलाविरोध निर्माण होतो. ध्रुव तपासण्यासाठी होकायंत्र पुरेसे असते. वेढ्यांची दिशा तपासण्यासाठी काट्याचा मल्टिमीटर पिकअपला जोडून ध्रुवांवर पोलादी स्क्रूड्रायव्हर टेकवतात. त्यामुळे काटा एका बाजूला किंचित हलतो. दोन पिकअपच्या ध्रुवांची दिशा आणि काट्याची दिशा यांची तुलना केली की उलगडा होतो. कलाविरोध आढळल्यास एका पिकअपच्या दोन्ही टोकांची अदलाबदल करतात. मात्र पिकअपला धातूचे आवरण असेल आणि ते भू-टोकालाच जोडलेले असेल, तर आवरणाची जोडणी आधी वेगळी करावी लागते.

हंबकरमध्ये चार वाहक असलेली केबल असेल तर दोन वेटोळी एकसर किंवा समांतर जोडता येतात, तसेच एकच वेटोळे वापरता येते. या वाहकांच्या रंगांचा क्रम मात्र निर्मात्यागणिक बदलतो. एका निर्मात्याचा रंगक्रम दुसऱ्याच्या पिकअपला लावणे हे चुकीच्या जोडणीचे नेहमीचे कारण आहे.

नियंत्रणे

पोटेन्शियोमीटरचे मूल्यही आवाजाचा पोत ठरवते. एकवेटोळी पिकअपसाठी २५० किलोओहम आणि हंबकरसाठी ५०० किलोओहम हा रूढ संकेत आहे. मूल्य कमी असेल तर अनुनादाचे शिखर दबते आणि आवाज मवाळ होतो. म्हणून एकवेटोळी पिकअपच्या जागी हंबकर बसवून जुने २५० किलोओहमचे पोटेन्शियोमीटर तसेच ठेवल्यास आवाज अपेक्षेपेक्षा मंद येतो आणि दोष पिकअपला दिला जातो. स्वरनियंत्रणासाठी ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वापरतात.

घरी बनवलेल्या गिटारींची उदाहरणे

रेड स्पेशल

क्वीन या ब्रिटिश बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांची 'रेड स्पेशल' ही घरी बनवलेल्या गिटारींपैकी सर्वाधिक प्रसिद्ध गिटार आहे. (याच बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रातील पाचगणी येथे झाले होते.) किशोरवयीन मे आणि त्यांचे वडील हॅरॉल्ड मे यांनी १९६३ मध्ये ती बनवण्यास सुरुवात केली. तिला सुमारे दोन वर्षे लागली. दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीतील महोगनी लाकडापासून तयार केली होती. पडद्यांमधील खुणांसाठी शिंपल्याची बटणे आणि कंपदांडीच्या यंत्रणेसाठी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वापरल्या होत्या.

मे यांनी सुरुवातीला पिकअपही स्वतःच गुंडाळले. त्यांत शेजारशेजारच्या ध्रुवांची दिशा आळीपाळीने उत्तर आणि दक्षिण अशी होती. तार जागच्या जागी कंप पावत असताना ही रचना चालत असे. मात्र सतारीवर मींड घेताना जशी तार आडवी ओढतात, तशी गिटारवर ओढली की ती एका ध्रुवाच्या क्षेत्रातून विरुद्ध ध्रुवाच्या क्षेत्राकडे सरकत असे आणि आवाज बिघडत असे. तार ओढून वाजवणे हा मे यांच्या शैलीचा गाभा होता. त्यामुळे हा दोष त्यांच्यासाठी क्षम्य नव्हता. अखेर त्यांनी बर्न्स कंपनीचे तीन 'ट्राय-सॉनिक' एकवेटोळी पिकअप विकत घेतले. बाकी जवळजवळ संपूर्ण गिटार हाताने बनवणाऱ्याने पिकअपच्या बाबतीत मात्र तयार वस्तू स्वीकारली.

विकत घेतलेले पिकअपही मे यांनी जसेच्या तसे वापरले नाहीत. मोठ्या आवाजात पिकअपचे भाग स्वतःच कंप पावून शिट्टीसारखा आवाज निर्माण करतात. तो टाळण्यासाठी त्यांनी त्यांत अ‍ॅराल्डाइट हा इपॉक्सी चिकटपदार्थ भरला. तिन्ही पिकअप एकसर जोडलेले असून प्रत्येकासाठी चालू-बंद करण्याची आणि कला उलटी करण्याची स्वतंत्र कळ आहे. इतरत्र चूक मानला जाणारा कलाविरोध येथे जाणीवपूर्वक एक वेगळा पोत म्हणून वापरला जातो.

फ्रँकनस्ट्रॅट

अमेरिकी गिटारवादक एडी व्हॅन हॅलन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास सुटे धड आणि सुटी दांडी जोडून 'फ्रँकनस्ट्रॅट' ही गिटार तयार केली. स्ट्रॅटोकास्टरसारख्या धडात त्यांनी घोडीजवळ गिब्सन गिटारमधून काढलेला पीएएफ हंबकर बसवला. फेंडर पद्धतीच्या घोडीवरील तारांचे अंतर या हंबकरच्या ध्रुवांपेक्षा अधिक होते. त्यामुळे त्यांनी पिकअप किंचित तिरका बसवून टोकाचे ध्रुव तारांच्या जवळ आणले. शिट्टी टाळण्यासाठी त्यांनी तो वितळलेल्या मेणात बुडवला होता. नियंत्रणांमध्ये आवाजाचे एकच बटण ठेवले होते. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हॅन हॅलन' या ध्वनिमुद्रिकेमुळे ही गिटार जगभर ओळखली गेली. स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या धडात हंबकर असलेल्या गिटारी पुढे अनेक कंपन्यांनी बाजारात आणल्या.

दोन्ही वादकांनी परस्परविरुद्ध पर्याय निवडले. एकाने तीन एकवेटोळी पिकअप आणि अनेक कळा घेतल्या. दुसऱ्याने एक हंबकर आणि एक बटण. मात्र दोघांच्याही निवडीमागील क्रम सारखाच होता. आधी वाजवताना जाणवणारी नेमकी अडचण ओळखली गेली, मग त्या अडचणीला उत्तर देणारा पिकअप शोधला गेला आणि शेवटी तो आपल्या गिटारमध्ये बसेल असा केला गेला.

बसवणी आणि चाचणी

जुना पिकअप काढण्यापूर्वी जोडणीचे छायाचित्र आणि आकृती तयार ठेवणे हिताचे असते. गिटारच्या सॉकेटमध्ये केबल घालून आणि आवाजाचे बटण पूर्ण ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकावर पिकअपचा रोध मोजता येतो. पोटेन्शियोमीटर समांतर असल्याने हे मूल्य प्रत्यक्षापेक्षा काही टक्क्यांनी कमी येते. तरीही बदलापूर्वीची नोंद म्हणून ते उपयोगी पडते. वेटोळ्याची तार अतिशय नाजूक असल्याने जोडवायर ओढणे आणि सोल्डरिंग आयर्न एकाच जागी फार वेळ टेकवणे टाळावे लागते. स्क्रूड्रायव्हर घसरून वेटोळ्याला लागल्यास पिकअप कायमचा निकामी होऊ शकतो. मेण देण्याची क्रियाही घरी जपून करावी लागते. मेण थेट ज्योतीवर तापवल्यास पेट घेऊ शकते आणि फार गरम झाल्यास पिकअपचा प्लॅस्टिकचा सांगाडा वाकतो. म्हणून ते गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवतात.

सोल्डरिंग झाल्यावर तारा चढवण्यापूर्वीच केबल अँप्लिफायरला जोडतात आणि आवाज कमी ठेवून प्रत्येक पिकअपच्या ध्रुवांवर स्क्रूड्रायव्हर हळूच टेकवतात. टकटक ऐकू आल्यास तो पिकअप जोडला गेला आहे असे समजते. तारा चढवल्यावर उंची ठरवतात. नव्या तारा आणि नवा पिकअप एकाच वेळी लावल्यास आवाजातील बदल नेमका कशामुळे झाला हे सांगता येत नाही. त्यामुळे तुलना करायची असल्यास जुन्या पिकअपचा आवाजही नव्या तारांवर, त्याच केबलने आणि अँप्लिफायरच्या त्याच मांडणीत ध्वनिमुद्रित करून ठेवतात. काढलेला पिकअप जपून ठेवण्याचा प्रघात आहे, कारण लाकूड कोरलेले नसेल तर हा बदल पूर्णपणे परतवता येतो.